फिलूबाईंचे शुक्रवार

टहिलराम शाळेच्या दाराशी उभा दिसला तेव्हा मी चौथीच्या वर्गाला कोकणातल्या नद्या सांगत होते. कॅम्प पाचहून सायकल मारत आला होता आणि टोपी काढून हातात धरली होती. त्याला बघूनही मी फळ्यावरची ओळ पुरी केली, खडू खाली ठेवला आणि मग बाहेर गेले. "बाई, अदी चली गई," एवढंच तो म्हणाला. मोठ्या बाईंना सांगून मी निघाले. तो सायकल हातात धरून माझ्या बाजूने चालत होता. सकाळीच फिलूबाईंना पेज भरवून मी शाळेत आले होते आणि निघताना त्यांनी बजावलं होतं, येताना लिंबू आण, तोंडाला चव नाही. स्टेशनाबाहेर भाजीवाली बसते, तिच्यापाशी मी थांबले. दोन पिवळी लिंबं निवडली आणि पिशवी नव्हती म्हणून पदराला बांधली. टहिलराम सायकल धरून थांबला. फिलूबाईंच्या खोलीच्या पायरीशी पोचल्यावर, आतून त्याच्या बायकोचं, लीलाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठे मला कळलं की मी लिंबं घेऊन आले आहे...

याला आता तीन महिने झाले. अंबरनाथ पश्चिमेला आणि कॅम्पात फिलूबाईंना न ओळखणारं घर विरळा, पण बाहेरच्या वाचकांना त्या कोण हे सांगायला हवं. फिलोमिना हे त्यांचं पूर्ण नाव. माहेर वसईकडचं, केळीच्या वाडीतलं. मुंबईच्या एका मिशन इस्पितळात त्या नर्सिंग शिकल्या, लग्न होऊन अंबरनाथला आल्या. नवरा इथल्या एका कारखान्यात टर्नर होता. लग्नाला चार वर्षं झाली असतील-नसतील, तो विषमज्वराने गेला. मूलबाळ नव्हतं. वसईच्या भावाने परत बोलावलं, तर म्हणाल्या, तिकडे जाऊन मी काय केळी मोजू? स्टेशनजवळच्या एका लहानशा दवाखान्यात त्या लागल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. ठेंगणा बांधा, पांढरी सुती साडी, पायात पुरुषी वहाणा, आणि आवाज असा की पलीकडच्या फलाटावरचा माणूस वळून बघेल. आम्ही त्यांच्याच चाळीत राहायला आलो. माझे यजमान कारखान्याच्या ऑफिसात क्लार्क. त्यांचं घर बदलापूरचं, शेतकऱ्याचं. सासूबाई आमच्याबरोबर. पहिल्याच दिवशी फिलूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि सासूबाईंना विचारलं, गुडघे कधीपासून दुखतात? त्यांनी नुसतं चालणं पाहिलं होतं.

फाळणीच्या पुढल्या वर्षी लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन पडले. तेव्हा उल्हासनगर हे नाव नव्हतं, आम्ही कल्याण कॅम्पच म्हणायचो. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून दहा-दहा कुटुंबं. आमच्या चाळीपासून कॅम्प पाचची हद्द चालत अर्ध्या तासावर. दवाखाना सुटला की फिलूबाई तिकडे जायच्या. कुणी पाठवलं नव्हतं. टोचणं, जखमा धुणं, बाळंतपणं. भाषा येत नव्हती, तर हातवारे आणि दामटून बोललेली मराठी. तिथल्या बायका त्यांना अदी म्हणू लागल्या. अदी म्हणजे मोठी बहीण. लीला आणि टहिलराम त्यांना तिथेच भेटले. नवरा-बायको दोघंच कराचीहून बोटीने आली होती. टहिलराम सायकलवर कापड घालून विकायचा, लीला तुकड्या-तुकड्यांच्या गोधड्या शिवायची. बडबडी बाई, पण प्रवासाचा विषय निघाला की सुईत दोरा ओवायला घ्यायची आणि तो कितीतरी वेळ ओवला जायचा नाही.

शुक्रवारी फिलूबाईंची अर्धी सुट्टी असायची. त्या दिवशी त्या औषधाची पेटी घरी ठेवून बाहेर पडायच्या. ज्या घरात कुणी गेलंय, कुणी अंथरुणाला खिळलंय, तिथे जाऊन बसायच्या. मी एकदा विचारलं, पेटी का नेत नाही? म्हणाल्या, पेटी नेली की लोक आजार दाखवतात. आणि शुक्रवारच का, तर त्या दिवशी येशूला क्रूसावर दिलं, आमच्यात त्या दिवशी दुःखाची आठवण करायची असते. मग एकटीने खोलीत गुडघे टेकून करण्यापेक्षा जिथे ते चालू आहे तिथेच जाऊन करावी. हे त्या इतक्या सरळपणे सांगायच्या की त्यात काही मोठं बोललं आहे असं त्यांच्या गावीही नसायचं. लगेच पुढच्या वाक्यात त्या माझ्या आमटीला नावं ठेवायच्या.

माझी मुलगी शकुंतला फिलूबाईंच्याच हातांवर जन्मली आणि सहाव्या वर्षी त्यांच्याच डोळ्यांदेखत गेली. घटसर्प. घशात पांढरा पडदा दिसल्याबरोबर त्या म्हणाल्या, इंजेक्शन मुंबईहून आणावं लागेल, आत्ता निघा. यजमान पहिल्या गाडीने गेले, घेऊनही आले. दिलं, पण रोग पुढे गेला होता. तीन दिवस फिलूबाई आमच्या घरातून हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी शकूने माझ्याकडे पाणी मागितलं आणि तिला ते गिळता आलं नाही. याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

दहाव्या दिवशी फिलूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वत्सला, हे दुःख वाया जाऊ देऊ नकोस. देवाच्या हातात दे. ज्यांची लेकरं आज आजारी आहेत त्यांच्यासाठी दे."

मी उठून बसले. शकू गेल्यापासून माझा आवाज फुटला नव्हता, तो तेव्हा फुटला. "माझी शकू कुणाच्या उपयोगी पडायला गेली नाही," मी म्हणाले. "तुमच्या देवाला दुःखं गोळा करायची असतील तर तुम्ही द्या तुमची. माझ्या घरी पुन्हा येऊ नका."

त्या गेल्या. चाळ तीच, नळ तोच, पण आठ महिने मी त्यांच्याशी शब्द बोलले नाही. त्या समोरून आल्या की मी कळशी घेऊन आत जायची. त्यांनी कधी थांबवलं नाही, कुणाकडून निरोप धाडला नाही. मी शाळेत जाऊ लागले, पाढे घेऊ लागले, वह्या तपासू लागले. घरी यजमान वर्तमानपत्रात डोकं घालून बसायचे. सासूबाई ओटीवर. आम्ही तिघं एकमेकांना जेवायला वाढायचो, एवढंच.

एका शुक्रवारी शाळा लवकर सुटली. घरी आले तर ओटीवर सासूबाई आणि फिलूबाई बसलेल्या. मधे सुपात तांदूळ. दोघी खडे निवडत होत्या आणि सासूबाई रडत होत्या, हाताने निवडणं चालूच. फिलूबाई काही बोलत नव्हत्या. मला पाहून त्या उठल्या, साडीवरचा कोंडा झटकला आणि माझ्या बाजूने निघून गेल्या. मी सासूबाईंना विचारलं, ही कधीपासून येते? "दर शुक्रवारी येतंय," त्या म्हणाल्या. "तू नसतंस तवा. माझी पन नात व्हती ना गो. तुमी दोघं माझ्यासमोर तिचं नावबी घेत नाय. मी कोनाजवल रडू?"

मी तिथेच पायरीवर बसले. आठ महिन्यांत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं की या म्हाताऱ्या बाईचंही कुणी गेलं आहे. शकू रोज रात्री त्यांच्या कुशीत झोपायची. माझं दुःख एवढं थोरलं होतं की त्यांच्या दुःखाला मी घरात बसायलासुद्धा जागा ठेवली नव्हती... त्या संध्याकाळी सासू-सुना पहिल्यांदा एकमेकींना धरून रडलो. मग मी तोंड धुतलं आणि फिलूबाईंच्या खोलीवर गेले. त्या चूल पेटवत होत्या. धुरामुळे असेल, त्यांचे डोळे लाल होते. माफी मागायला मी गेले होते, पण ती त्यांनीच आधी मागितली.

"त्या दिवशी मी चुकले," त्या म्हणाल्या. "माझा नवरा गेला तेव्हा इस्पितळातल्या एका सिस्टरने मला ते सांगितलं होतं. मला त्याचा आधार झाला. वाटलं, तुलाही होईल. पण माझं दुःख मी देवाला देऊ शकते, वत्सला. तुझं कसं देणार? ते माझं नाहीच."

मी विचारलं, मग दुसऱ्याने करायचं तरी काय?

त्यांनी फुंकणी बाजूला ठेवली. "मरिया माता क्रूसाखाली उभी होती," त्या म्हणाल्या. "पोरगा वर मरत होता. ती तिथे एक शब्दही बोलल्याचं कुठे लिहिलेलं नाही. लहानपणापासून मी हे ऐकते आहे, आणि तुझ्याकडे येऊन बडबडले."

त्यानंतरच्या उपवासकाळात, म्हणजे त्यांच्या ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, मी त्यांच्याबरोबर कल्याणच्या चर्चला गेले. वसईकडच्या रीतीप्रमाणे त्या चर्चला देऊळच म्हणायच्या. भिंतींवर येशूच्या शेवटच्या वाटेची चौदा चित्रं होती. लोक एकेका चित्रापुढे थांबत, गुडघे टेकत, प्रार्थना म्हणत पुढे सरकत होते. मला काही कळत नव्हतं, मी आपली मागून चालत होते. सहाव्या चित्रात एक बाई गर्दीतून पुढे येऊन येशूच्या तोंडावरचं रक्त आणि घाम पुसते आहे. परतताना फिलूबाई म्हणाल्या, मला हे चित्र सगळ्यांत आवडतं. त्या बाईला क्रूस उचलता आला नसता, शिपायांना हटकता आलं नसतं, तिच्याने काहीच थांबणार नव्हतं. तिच्याकडे फडकं होतं, तेवढं तिने केलं. मी म्हटलं, पण मरायचं ते टळलं नाहीच ना? "नाही टळलं," त्या म्हणाल्या. "पण तो मरायला गेला तेव्हा त्याचं तोंड पुसलेलं होतं." मी यावर वाद घातला असता. पण तेवढ्यात त्यांना रस्त्यावर सुके बोंबील दिसले आणि विषय संपला.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत गाठ निघाली. निघाली म्हणजे आम्हाला तेव्हा कळलं; नर्सबाईंना ती केव्हाचीच ठाऊक असणार. मुंबईच्या डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं. शेवटचे चार महिने त्या खोलीतच होत्या. वसईहून भाऊ येऊन जाऊन असायचा, पण रोजचं आम्ही दोघी बघायचो, सकाळ-संध्याकाळ मी आणि दिवसा लीला. त्या फार सोशिक आजारी होत्या असं मी लिहिलं तर त्याच मला खोटारडी म्हणतील. पेज पातळ झाली म्हणून चिडायच्या. अंघोळ घालताना माझा हात जड आहे म्हणायच्या. कल्याणच्या चर्चचे फादर यायचे, ख्रिस्तप्रसाद म्हणजे आशीर्वादित भाकर घेऊन, ते घाईत प्रार्थना म्हणतात अशी त्यांच्याच तोंडावर तक्रार करायच्या. लीला त्यांना तिच्या सिंधमधल्या नदीच्या माशाची, पल्ल्याची थोरवी सांगायची, आणि या अंथरुणातून भांडायच्या की ज्याने वसईचा बोंबील खाल्ला नाही त्याने माशाबद्दल बोलू नये. दोघींनी एकमेकींचा मासा कधी चाखला नव्हता.

पण दुखणं वाढत गेलं. रोज सकाळी जपमाळ हातात घेऊन त्या त्या दिवसाचं दुखणं कुणाकुणासाठी अर्पण करायच्या, नावं घेऊन. वेदना येशूच्या वेदनांत मिसळल्या की त्या एकट्याच्या राहत नाहीत, दुसऱ्याच्या कामी येतात, असा त्यांचा विश्वास. मला एकदा चटका देऊन गेलेलीच ही गोष्ट, पण आता मी काही बोलत नसे. एका सकाळी मी गेले तर जपमाळ खाली पडलेली आणि त्या छताकडे बघत होत्या. मी ती उचलून हातात दिली. त्यांनी घेतली नाही.

"आज मला कुणासाठीच देता येत नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं दुखतंय. त्यात दुसरं काही नाही, वत्सला. देवही नाही." आणि त्या रडू लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःसाठी रडताना पाहिलं नव्हतं.

मी काही त्यांच्या धर्माची नाही, आणि दुःखाला अर्थ असतो हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पूर्ण पटत नाही. पण ज्या गोष्टीवर ही बाई तीस वर्षं उभी होती ती तिच्या हातून गळून पडली होती, आणि ती मला उचलता येण्यासारखी होती. मी पलंगाच्या कडेला बसले. म्हटलं, तुम्हाला जमत नसेल तर मी म्हणते. तुम्ही फक्त नावं सांगा.

त्यांनी डोळे मिटले. मग एक नाव सांगितलं. कॅम्प एकमधली कुणी क्षयाची बाई. मी म्हणाले, आजचं फिलूबाईंचं दुखणं हिच्यासाठी. दुसरं नाव. तिसरं. दवाखान्यातला डॉक्टर, ज्याच्याशी त्यांचं कधी पटलं नाही. माझ्या सासूबाईंचे गुडघे. टहिलराम, लीला. घाई करणारे फादर. मी एकेक नाव घेत गेले, आणि माझ्या आवाजात मला विचित्र काही वाटलं नाही, शाळेत हजेरी घ्यावी तसं. शेवटी मी थांबले आणि विचारलं, आणि माझं?

त्यांनी डोळे उघडले. "तुझं नको घेऊस," त्या म्हणाल्या. "तेवढं माझं मी घेईन." आणि त्यांचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही. त्यानंतर रोज सकाळी आम्ही तसंच केलं, शाळेत जायच्या आधी. ज्या दिवशी त्या गेल्या त्या दिवशीही.

त्यांना कल्याणला पुरलं. महिना झाल्यावर भावाने त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, ठेवली आणि आम्हालाही बोलावलं. सासूबाईंना चालवत नव्हतं. मी आणि लीला गेलो. त्यांच्यात नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. देवळाच्या दाराशी टेबल मांडून एक म्हातारा सेवक बसला होता. आपल्या गेलेल्या माणसांची नावं त्याच्या वहीत लिहवायची, मग महिनाभर वेदीवर त्यांच्यासाठी प्रार्थना होते. भावाने फिलूबाईंचं नाव सांगितलं. मी घुटमळले, मग विचारलं, आम्ही तुमच्यातले नाही, पण माझ्या मुलीचं लिहाल का? नाव शकुंतला. म्हाताऱ्याने चष्मा वर केला. "अंबरनाथची? ते आहे," तो म्हणाला. "बाई दरसाल लिहून द्यायच्या. या वर्षीची यादीही भावाबरोबर आधीच आली होती." त्याने वही माझ्याकडे फिरवली. पाच-सहा नावं एकाखाली एक. नवऱ्याचं, आई-वडिलांचं, मग शकुंतला. आणि तिच्याखाली नाव नव्हतं, नुसतं लिहिलं होतं, लीलाची मुलगी.

मी लीलाकडे पाहिलं. दहा वर्षांच्या ओळखीत मला ठाऊक नव्हतं की तिला मुलगी होती. तिला मराठी अक्षरं वाचता येत नाहीत. मी वाचून दाखवलं. तिने टेबलाची कड धरली. "अदी को मैंने कभी बोला नहीं," ती म्हणाली. कॅम्पात आल्यावर ती रोज एका लहान मुलीचं झबलं धुऊन वाळत घालायची, तेवढं फिलूबाईंनी पाहिलं होतं. एका शुक्रवारी त्या तिच्याशेजारी बसून राहिल्या आणि उठताना ते झबलं दोरीवरून काढून घडी घालून तिच्या हातात दिलं. विचारलं काही नाही. पोरीला बोटीवर गोवर झाला होता. बोटीवरच गेली. समुद्रात सोडली. हे सगळं लीलाने तिथे दारात उभं राहून सांगितलं, मागे लोक खोळंबले होते आणि कुणी घाई केली नाही.

म्हाताऱ्याने टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, नाव काय मुलीचं?

"सुंदरी," लीला म्हणाली.

त्याने आधीचं खोडलं नाही. त्या ओळीच्या पुढे, थोडी जागा सोडून, नाव लिहिलं.

फिलूबाईंच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आलंय. शुक्रवारी शाळा सुटली की मी घरी न जाता कॅम्प पाचला जाते, लीलाच्या बराकीत. ती गोधडी शिवत असते, मी तिच्यासमोर बसते. सुंदरी डावखुरी होती. तिला कराचीच्या ट्रामची घंटा फार आवडायची. झोपताना ती आईचं कानातलं मुठीत धरायची. दर आठवड्याला काहीतरी नवीन निघतं. मग लीला दोरा तोडते आणि म्हणते, अब तू बोल... आणि मी शकूचं सांगते.